पायांखालची गोधडी

कामशेत मागे पडले की डब्यात एक वास शिरतो. कापून चार दिवस झालेल्या आंबेमोहोराच्या पेंढ्यांचा; पहाटे दवाने ओलसर झालेला आणि दहा वाजेपर्यंत उन्हाने कोरडा पडलेला. मार्गशीर्षात वडिलांना भेटायला लोणावळ्याला जाताना दर वर्षी तो खिडकीतून येतो आणि दर वर्षी माझ्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप खाली दाबली जाते, जणू तिच्याखाली एखादे बटण आहे. त्यापलीकडे काही होत नाही. समोरची बाई भुईमुगाच्या शेंगा सोलत असते, तिने पुढे केलेल्या चार शेंगा मी घेते आणि खाते. दुःख झाले असे लिहिले तर परिच्छेद नीट पूर्ण होईल, पण तो खरा असणार नाही.

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आवाज मोजते. कारखान्यातले यंत्र किती गोंगाट करते, भिंत त्यातला किती पलीकडे जाऊ देते, असे प्रश्न आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांना आकड्यांत उत्तरे देतो. पुढच्या वर्षी याच विषयात डॉक्टरेट पुरी व्हावी, अशी माझी योजना आहे. या वाटेला मी कशी लागले, हे विचारणाऱ्यांना मी महाविद्यालयातल्या एका चांगल्या प्राध्यापकांचे नाव सांगते. तुळसाचे नाव मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

लोणावळ्याला रेल्वेच्या वसाहतीत एक सभागृह होते. वडील रेल्वेच्या शाळेत शिक्षक, म्हणून आम्हाला तिथे मोकळीक होती. आमच्या दोन खोल्यांत अभ्यासाला जागा नसल्यामुळे मी दुपारी त्या सभागृहाच्या व्हरांड्यात बसत असे. बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष होते, दिवाळीच्या सुट्टीला जोडून महाविद्यालय आणखी काही दिवस बंद होते, आणि विद्यापीठात पहिले यायचे असे मी ठरवलेले होते. आत लाकडी जमीन होती. शनिवारी संध्याकाळी ड्रायव्हर, गार्ड आणि त्यांची कुटुंबे तिथे नाचायला येत. पाय सहज सरकावेत म्हणून त्या जमिनीवर पांढरी पूड टाकावी लागे. ती पूड टाकण्याचे आणि दुसऱ्या दिवशी झाडून काढण्याचे काम तुळसाकडे होते.

तुळसा माझ्याच वयाची. तिचे वडील लोहमार्गावर गँगमन होते. मूळ घर भाजे गावाच्या वर, डोंगरातल्या एका वाडीवर. ती अनवाणी झाडत असे आणि झाडताना गाणे रचत असे. रचत असे, हा शब्द मी विचारपूर्वक वापरते. तिला लिहिता येत नव्हते, पण आज म्हटलेली ओळ उद्या सुधारून यायची, परवा तिच्या जागी तिसरी यायची आणि पहिलीचा मागमूस राहायचा नाही. झाडूचा एक फटकारा, मग टाचेचे दोन ठोके, मग ओळ. लाकडाखाली पोकळी असल्यामुळे ठोका सगळ्या सभागृहात फिरून येई.

"आमच्या खळ्यापरीस ही जिमीन ब्येस हाय, ताई," एकदा ती म्हणाली. "खळं नुसतं ऐकून घ्येतं. ही उलटून बोलती."

मी तिला कारण समजावून सांगितले: पोकळी, कंपन, अनुनाद. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "मंग माज्या पायाचं काय न्हाई त्यात?"

तिला शोधून काढले ते पीटरकाकांनी. ते नोकरीने गार्ड आणि मनाने ट्रम्पेटवाले; वसाहतीतल्या पाच जणांचा बँड त्यांनी उभा केलेला होता. एका दुपारी ते ट्रम्पेट पुसायला आले आणि दारातच थांबले. आत तुळसा झाडत होती.

"पोरी, तू गाते की लाकूड फोडते?"

"दोनी, काका. लाकूड रेल्वेचं हाय. तुमचं काय जातंय?"

"माझा जीव जातो. ठोका चारचा की तीनचा? एक काय ते ठरव."

"पाय ठरीवतो. मी न्हाई."

काकांनी ट्रम्पेट तोंडाला लावले आणि तिच्या टाचेच्या मागोमाग जायचा प्रयत्न केला. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सापडले. मी पुस्तक मिटले नव्हते, पण पानही उलटले नव्हते. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी काकांनी तिला बँडपुढे उभे केले. तिच्या अंगावर धुऊन इस्त्री केलेले हिरवे लुगडे होते आणि पाय अनवाणी. नेहमीची इंग्रजी गाणी संपली होती; मंडळी खुर्च्यांत बसून वारा घेत होती. ती कोणाकडेही न पाहता म्हणाली, "घ्या काका," आणि सुरू झाली.

*गाडी निघाली घाटातनं, धूर न्हाई, जाळ न्हाई,*
*पाय निघालं घरातनं, वाट न्हाई, चाळ न्हाई.*

घाटातली इंजिने विजेची, म्हणून धूर नाही. आणि हिच्या पायात चाळ नाहीत. इतके साधे. पण दुसऱ्या कडव्याला पहिले जोडपे उठले, चौथ्याला खुर्च्या रिकाम्या झाल्या. ज्यांना मराठीतला एकही शब्द कळत नव्हता अशा ड्रायव्हरांच्या बायका चपला काढून नाचत होत्या. मी दाराशी उभी होते. जमिनीतून येणारा ठोका माझ्या चपलेच्या तळव्यातून वर चढत होता, हे मी नोंदवले. तेव्हा मी असेच नोंदवत असे, आजही नोंदवते.

काकांचे एक नातलग मुंबईत वाद्यवृंदात वाजवायचे. त्यांचा निरोप आला की तबकड्या काढणाऱ्या कंपनीतला एक माणूस नाताळापूर्वी नव्या गायकांचे नमुने ऐकणार आहे, टेप पाठवा. काकांनी तो निरोप तुळसाला सांगितला तेव्हा तिने झाडू भिंतीला टेकवला आणि बराच वेळ हात पदराला पुसत राहिली.

"तबकडीवर नाव बी अस्तं ना, काका? गानाऱ्याचं?"

"असतं. मोठ्या अक्षरात."

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "पर बापाला येतं. त्येला दाखवीन." मग थोड्या वेळाने म्हणाली, "नवरा बघाया लागलेत माजा. म्हनत्यात, नाताळपातूर काय झालं तर झालं. न्हायतर वाडीवर चल."

प्रश्न इतका स्पष्ट होता. टेप चांगली झाली तर ती गायिका, नाही तर वाडीवर. आणि टेपरेकॉर्डर कोणाकडे होता? आमच्या पदार्थविज्ञान विभागाकडे. महाविद्यालय पुन्हा सुरू झाल्यावर मी प्राध्यापकांना भेटले, ध्वनिमुद्रणाच्या गुणवत्तेवर एक टिपण लिहून देईन असे कबूल केले आणि यंत्र दोन दिवसांसाठी लोणावळ्याला आणले. सोबत एकच रीळ मिळाले. मला तुळसाचे गाणे हवे होते की प्राध्यापकांपुढे ठेवायला निर्दोष नमुना हवा होता, हे मी त्या वेळी स्वतःला विचारले नाही. आज विचारते तेव्हा उत्तर येते: दोन्ही. पण दोन्हीचे प्रमाण मला सांगता येत नाही.

तो दिवस मार्गशीर्षातला, हवा कोरडी, आणि वसाहतीच्या मागे कुसगावच्या शेतांतून पेंढ्यांचा हाच वास. दुपारी सभागृहाची दारे लावून घेतली. पहिल्यांदा ती नेहमीसारखी गायली. काका नेहमीसारखे वाजवत होते. मी यंत्रावरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत होते. टाच आपटली की काटा लाल पट्ट्यात जाई. ती डोलली की मायक्रोफोनपासूनचे अंतर बदले आणि आवाज लहानमोठा होई. शेवटी शेवटी ब्रेकची तपासणी झालेली एक मालगाडी स्टेशनातून हलली आणि तिचा खडखडाटही आत आला. तुळसाने एक कडवे जास्तच म्हटले, मग नुसती टाच चालू ठेवली. मी ऐकवून दाखवले. काका खूष होते. "हेच. हेच पाठव," ते म्हणाले.

मी नाही म्हटले. सकारण, क्रमाने, शांतपणे. ठोक्यांमुळे शब्द झाकले जातात. अंतर स्थिर नाही. गाडीचा आवाज परका आहे. कंपनीतला माणूस आवाज तपासणार, लाकूड नव्हे. यातला एकही मुद्दा आजही मला चुकीचा सिद्ध करता येत नाही.

घरून गोधडी आणली. चार पदरी घडी करून मायक्रोफोनपुढे घातली आणि तिच्यावर तुळसाला उभे केले. फूटपट्टीने ओठांपासून मायक्रोफोनचे अंतर मोजले. काकांना ट्रम्पेटच्या तोंडात फडके कोंबून दारापाशी उभे केले. भिंतीवर चिकटवलेले गाड्यांचे वेळापत्रक पाहून मधली बावीस मिनिटे निवडली.

"पाय हलवायचा नाही," मी म्हणाले.

तुळसाने गोधडीकडे पाहिले. "अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही."

"आमच्यात असं म्हनत न्हाईत, ताई," ती सावकाश म्हणाली. "उभ्यानं, पाय न हालवता, फकस्त मढ्याम्होरं म्हनत्यात. वाडीवर कुनी गेलं की."

"यंत्राला रीतभात कळत नाही, तुळसा. त्याला फक्त आवाज कळतो."

"व्हय," ती म्हणाली. "तुमी शिकल्याली मानसं. तुमाला ठावं."

काका दारातून काही बोलणार होते. मी बोटाने गप्प राहण्याची खूण केली आणि बटण दाबले. रीळ एकच असल्यामुळे दुसरे मुद्रण पहिल्यावरच झाले. ती स्थिर उभी होती, हात मांड्यांना चिकटलेले. प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक सूर जागेवर, काटा एकदाही लाल पट्ट्यात गेला नाही. गाणे संपल्यावरही मी यंत्र लगेच थांबवले नाही. शेवट स्वच्छ हवा म्हणून थोडी शांतताही मुद्रित करून घेतली. मग ऐकवले.

"चांगलं हाय," तुळसा म्हणाली. "लय सोच्च हाय." आणि गोधडी झटकून, नीट घडी करून तिने माझ्या हातात दिली.

नाताळाच्या चार दिवस आधी टेप परत आली, सोबत छोटे पत्र. काकांनी ते मराठीत सांगितले: आवाज स्वच्छ आहे, सुरात आहे, पण नाचाच्या तबकडीसाठी जो जोम लागतो तो यात जाणवला नाही. मी तिथेच होते. मला वाटले, आता ती मला काहीतरी म्हणेल. मी उत्तरही तयार ठेवले होते: एका निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पहिली टेप गेली असती तरी नकार आला नसता असे कोण सांगणार? उत्तर बिनतोड होते. ते द्यायची वेळ आली नाही.

"थोडं हाललं असंल माजं," तुळसा म्हणाली. "मधल्या कडव्याला. मला वाटलंच व्हतं."

नाताळच्या संध्याकाळी सभागृह कागदी साखळ्यांनी सजले होते. ती तेच हिरवे लुगडे नेसून आली. काकांनी ट्रम्पेटने सुरुवात करून दिली आणि ती गायली: हात मांड्यांना चिकटलेले, पाय जुळवलेले. जोडपी उठली, दोन पावले टाकली, एकमेकांकडे पाहून हसली आणि बसली. कोणीतरी खोकले. गाणे शेवटपर्यंत निर्दोष झाले.

"पोरी, पाय कुठे ठेवून आली?" काकांनी तिला बाजूला घेऊन विचारले.

"पायानं बिघडतं, काका. ताईनं मोजून दावलंय."

मी तीन हातांवर उभी होते. मी म्हणू शकले असते की ते यंत्रापुरते होते, इथे नाही. एक वाक्य. ते मनात नीट तयारही झाले होते, कर्त्या-कर्मासकट. पण ते म्हटले तर मुद्रणाच्या त्या दुपारचेही तपासावे लागले असते, फूटपट्टीपासून पुढे सगळे. मी सरबताचा पेला उचलला आणि घरी जाऊन प्रकाशाच्या व्यतिकरणाचे प्रकरण वाचले. मार्चच्या परीक्षेत मी विद्यापीठात दुसरी आले.

पुढचे मला काकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. कुसगावच्या एका हॉटेलात हिवाळ्याच्या दोन मोसमांत तिने हिरवळीवर गाणी म्हटली. पाहुणे जेवत असत, ती मायक्रोफोनपुढे उभी राहून म्हणत असे. मालक खूष होता, कारण तिचा जेवणात अडथळा येत नव्हता. मग लग्न झाले. मग वाडी. काका निवृत्त होऊन गोव्याला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी ते रीळ मला दिले. महाविद्यालयाला मी बदली रीळ विकत घेऊन दिलेलेच होते. हे माझ्या ट्रंकेत पडून राहिले. कधी वाजवले तर गाणे संपताच मी बटण दाबून थांबवत असे. पुढे शांतताच आहे, हे मला माहीत होते. ती मीच घातली होती.

या वर्षी प्रयोगशाळेत दुरुस्त होऊन आलेले एक यंत्र तपासायचे होते. हाताशी दुसरी टेप नव्हती, म्हणून घरून आणलेले हेच रीळ लावले. गाणे चालू असतानाच मला फोनवर बोलावले. बोलणे लांबले. परत आले तेव्हा रिकाम्या खोलीत कोणीतरी लाकडावर चालत होते.

कारण उघड आहे. दुसरे मुद्रण पहिल्यापेक्षा आखूड होते. माझी शांतता संपल्यावर पहिल्याचे शेपूट शिल्लक राहिले होते. टाचेचे अकरा ठोके, मागे मालगाडीचा खडखडाट, आणि तुळसाचा धापा टाकत हसणारा आवाज: "काका, दम लागला व्हय?" एवढेच. मग टेप संपते.

परवा मी लोणावळ्याचे तिकीट असताना मळवलीला उतरले. खांद्यावर बॅटरीवर चालणारे यंत्र होते. भाज्याच्या वाटेवर डाव्या हाताला एक खळे लागते. सारवलेल्या जमिनीवर बायका फळीवर पेंढ्या झोडत होत्या. तुळसाने मला आधी ओळखले.

"ताई, तुमी? मळवलीला कशा? झोप लागली व्हती व्हय गाडीत?" ती रोड झाली होती. केसांत भाताचे तूस. तिने शेजारच्या म्हातारीला सांगितले, "सखूमावशी, या आवाज मोजत्यात. सरकारी."

"मंग आमच्या म्हाताऱ्याचं घोरनं मोजा म्हनावं," सखूमावशी हात न थांबवता म्हणाल्या. "गाव झोपत न्हाई." बायका हसल्या.

मी बांधावर बसले आणि यंत्र उघडले. काय लावते आहे ते सांगितले नाही. गाणे सुरू झाले: स्वच्छ, सुटे, प्रत्येक सूर जागेवर. एकेक करून बायकांचे हात थांबले. सखूमावशींनी पेंढी खाली ठेवली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"कोन गेलं गं?" त्यांनी हळू विचारले.

"कुनी न्हाई, मावशी," तुळसा म्हणाली. "मीच म्हनलंतं ते."

मावशींनी तिच्याकडे पाहिले, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे. पदर तसाच राहू दिला. गाणे संपले. माझी शांतता सुरू झाली. खळ्यावर ती फार लांब वाटली. मग ठोके आले. तुळसाची मान वर झाली.

"ह्यो पाय माजा हाय," ती म्हणाली.

"हो."

"अजून हाय?"

"नाही. एवढाच राहिला. बाकीचा मी पुसला." हे वाक्य आठ वर्षे तयार होते, म्हणताना त्यात काही जड लागले नाही, आणि म्हटल्यावर काही हलकेही झाले नाही. "गोधडी घालायला नको होती, तुळसा."

तिने कपाळावरचे तूस पुसले. मला वाटते, ती ऐकत नव्हती.

"पुन्ना लावा," ती म्हणाली.

मी टेप मागे घेतली आणि लावली. अकरा ठोके. पुन्हा मागे घेतली. तिसऱ्या वेळी मी फक्त यंत्राकडे पाहत होते, बोट बटणावर ठेवून, सवयीने मोजत: नऊ, दहा, अकरा. बारा. तेरा. मी काट्याकडे पाहिले. तो शून्यावर होता. रीळ केव्हाच सुटले होते, टेपचे टोक फडफडत रिकामे फिरत होते, आणि सारवलेल्या जमिनीवर ठोके चालूच होते.